गेमिंग झोनच्या तीन मशीनची रॅम: अपग्रेडच्या नोंदी

५ जानेवारी २०२६

कॉलेज रोड, नाशिक. छोट्या गेमिंग झोनमधली तीन डेस्कटॉप. मालकांची मागणी एका ओळीची: ‘तिन्हींना ३२ जीबी करून द्या.’ हो म्हणण्याआधी प्रत्येकात काय आहे ते लिहून काढलं.

मशीन क: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या (डीडीआर४ ही मेमरीची पिढी, ३२०० हा वेग) ८ जीबीच्या दोन स्टिक, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड.

मशीन ख: कोअर आय५ १०४००एफ, एच४१० बोर्ड, स्लॉट दोनच. एकात ८ जीबी डीडीआर४ २६६६, दुसरा रिकामा. जीटीएक्स १६६० सुपर.

मशीन ग: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ५२०० च्या ८ जीबीच्या दोन स्टिक, आरटीएक्स ४०६०.

गरज किती ते टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं. परफॉर्मन्समध्ये मेमरीचा आलेख उघडला की सगळे ‘इन यूज’ बघतात, पण खरा आकडा ‘कमिटेड’ खाली असतो. तिथे दोन आकडे दिसतात: पहिला म्हणजे चालू प्रोग्रामांनी मागितलेली एकूण मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) मिळून असलेली मर्यादा. गेम चालू असताना पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या वर गेला आणि त्याच वेळी डिस्कची धावपळ सुरू झाली, तर रॅम कमी पडते आहे. तो खालीच राहत असेल तर जास्त रॅम घालून फ्रेम वाढणार नाहीत.

ख वर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ एवढंच चालतं. त्याला १६ जीबी पुष्कळ आहे. त्याचं दुखणं रॅम कमी असण्यापेक्षा एकच चॅनल (मेमरी ते प्रोसेसर हा डेटाचा रस्ता) चालण्याचं आहे. क वर गेमसोबत स्ट्रीमिंग, डिस्कॉर्ड आणि ब्राउझरचे टॅब उघडे असतात, तिथे १६ जीबी खरंच अपुरी पडते. ग वर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आहे. त्याची कंपनीनेच दिलेली किमान गरज १६ जीबी, शिफारस ३२ आणि आदर्श ६४. ठरलं ते असं: क ३२, ख १६, ग ३२. मालकांना एका मशीनचे पैसे वाचल्याचा आनंद, आम्हाला काम नेमकं झाल्याचा.

७ जानेवारी

क वर सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवलं. मेमरी टॅबमध्ये ‘डीरॅम फ्रीक्वेन्सी’ १०६६ च्या आसपास. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा, त्यामुळे हा आकडा दुप्पट करायचा: २१३३. डब्यावर ३२०० छापलेली मेमरी २१३३ वर चालत होती. (टास्क मॅनेजर दुप्पट केलेलाच आकडा दाखवतो. दोन ठिकाणी वेगळे आकडे बघून पुष्कळ जण उगाच घाबरतात.)

कारण साधं निघालं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता. रात्री झोनचा मेन स्विच बंद केला की बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग पुसल्या जायच्या आणि एक्सएमपी (मेमरी छापील वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल) बंद व्हायचं. विंडोजचं घड्याळ सकाळी चुकीची वेळ दाखवायचं, ती खूण कुणी मनावर घेतली नव्हती. सेल बदलला, बायोसमध्ये प्रोफाइल पुन्हा चालू केलं. याला एमएसआयच्या बोर्डावर ए-एक्सएमपी म्हणतात, आसुसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी, गिगाबाइटवर एक्सएमपी. काम एकच.

एक्सएमपी नसताना मेमरी एसपीडी चिपमधल्या (स्टिकची माहिती साठवणाऱ्या चिपमधल्या) जेडेक, म्हणजे मानक संस्थेने ठरवलेल्या, वेगावर उठते. कोरसेअर व्हेंजन्स एलपीएक्सच्या ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे मागणीनंतर डेटा यायला लागणारे ठोके) किटमध्ये तो वेग २१३३, टायमिंग १५-१५-१५-३६, १.२ व्होल्ट असा आहे. ३२०० हा १.३५ व्होल्टचा एक्सएमपी वेग. म्हणजे खोक्यावरचा आकडा आपोआप मिळत नाही, तो चालू करावा लागतो. दोन चॅनल धरून कागदावरचा फरक सेकंदाला ३४.१ जीबी विरुद्ध ५१.२ जीबी. रायझन ३००० मध्ये इन्फिनिटी फॅब्रिकचं (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या रस्त्याचं) घड्याळ मेमरीच्या घड्याळाशी बांधलेलं असतं, त्यामुळे रॅम मंदावली की प्रोसेसरच्या आतली वाहतूकही मंदावते.

विकत घेण्याआधी आहे ती मेमरी पूर्ण वेगाने चालते का ते बघावं. हे काम फुकट होतं.

९ जानेवारी

तिन्ही मशीन उघडून स्टिकरची नोंद केली. सध्या नाशिकची हवा कोरडी आहे, स्वेटर घालून काम करताना स्थिर वीज हमखास जमते. एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) स्विच बंद, वायर काढलेली, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज उतरवला, आणि स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श. स्टिक कडेने धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही.

ख मधल्या स्टिकवर हीटस्प्रेडर (उष्णता पसरवणारा पत्रा) नाही, त्यामुळे सगळं उघड दिसतं: एका बाजूला चारच मोठ्या चिप. स्टिकरवर ‘८जीबी १आरx१६ पीसी४-२६६६व्ही-यू’. हे वाचता आलं की अर्धं काम झालं. १आर म्हणजे एक रँक (एकत्र चालणारा चिपचा संच), x१६ म्हणजे प्रत्येक चिप १६ बिट रुंद. मेमरीचा रस्ता ६४ बिटांचा, म्हणून चार चिप पुरतात. x८ असेल तर आठ चिप लागतात. दोन्ही बाजूंना मिळून सोळा दिसल्या की २आरx८. डीडीआर४ मध्ये x१६ चिपला दोनच बँक ग्रुप (चिपच्या आतल्या कप्प्यांचे गट) असतात, x८ ला चार. बँक ग्रुप कमी म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मागण्यांना थांबावं लागतं. म्हणून छापील वेग तोच असूनही चार चिपची ८ जीबी स्टिक आठ चिपवालीपेक्षा गेममध्ये मागे पडते. स्वस्त ८ जीबी स्टिकमध्ये हाच प्रकार सर्रास असतो आणि ऑनलाइन जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

२६६६ नंतरचं अक्षर टायमिंग सांगतं. व्ही म्हणजे १९-१९-१९. २४००टी म्हणजे १७-१७-१७, ३२००एए म्हणजे २२-२२-२२. त्यापुढचं यू म्हणजे साधी डेस्कटॉप मेमरी. तिथे एस असेल तर लॅपटॉपची, ई म्हणजे ईसीसी (चुका दुरुस्त करणारी), आर म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड. या एका अक्षराकडे परत यावं लागणार आहे.

क मधल्या स्टिकवर काळा पत्रा आहे, चिप दिसत नाहीत. पण मॉडेल नंबर बोलका: सीएमके१६जीएक्स४एम२बी३२००सी१६. सीएमके हे एलपीएक्सचं नाव, एकूण १६ जीबी, एक्स४ म्हणजे डीडीआर४, एम२ म्हणजे दोन स्टिकचं किट, ३२०० वेग, सी१६ सीएल. त्याच स्टिकरवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘व्हर्जन ४.३१’. कोरसेअरच्या या आकड्यात पहिला अंक चिप कुणाची ते सांगतो: ३ मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स. मॉडेल नंबर अक्षरशः तोच असून आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि जुळवाजुळवीचे बहुतेक तंटे इथूनच सुरू होतात.

ग मधल्या स्टिकही चार चिपवाल्या. डीडीआर५ ची ८ जीबी स्टिक अशीच येते: १६ गिगाबिटच्या x१६ चिप, चार. डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक घेऊन पैसे वाचवणं म्हणजे घेतानाच वेग सोडणं.

१२ जानेवारी

बाजार. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढलेले आहेत. एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळतोय, आणि मोठे उत्पादक डीडीआर४ कमी करत आहेत. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ नावाने ग्राहकांना विकणं बंद करण्याची घोषणा केली, माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत येत राहील असं सांगितलं. अशा वेळी कालचा भाव आज धरता येत नाही, त्यामुळे इथे रुपयांचे आकडे लिहिण्यात अर्थ नाही. कोटेशन घेताना १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, तेवढं मात्र विचारून घ्यावं.

नाशिकमध्ये हवं ते नेमकं मॉडेल मिळेलच असं नाही. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोड (कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार) पालथा घालता येतो आणि संध्याकाळी परतता येतं. पण स्टिक बोर्डाशी जुळली नाही तर तीच फेरी पुन्हा. थोडे जास्त पैसे गेले तरी गावातल्या, बदलून देणाऱ्या दुकानातून घेतलेली मेमरी स्वस्त पडते. बिलावर प्रत्येक स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. किट असेल तर वॉरंटीत दोन्ही स्टिक परत मागतात, म्हणून एक विकून टाकायची नाही.

जुन्या मालात काय समोर आलं ते नोंदवतो.

१६ जीबी डीडीआर४, भाव निम्मा, स्टिकरवर ‘पीसी४-२४००टी-आर’. सर्व्हरची रजिस्टर्ड मेमरी. डीडीआर४ मध्ये तिच्या पिना २८८ च आणि खाचही त्याच जागी, त्यामुळे ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये छान बसते. फक्त मशीन उठत नाही. मधोमध एक वेगळी, चौकोनी जास्तीची चिप आणि एका ओळीत आठऐवजी नऊ चिप दिसल्या की समजावं.

दुसरी, झगमगीत लाल पत्रा लावलेली ‘गेमिंग ३२००’. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये एक्सएमपीचा रकानाच नाही, सगळ्यात वरचा वेग २४००. साध्या स्टिकवर पत्रा चिकटवलेला. जुनी रॅम घेताना विक्रेत्याच्या मशीनवर हा टॅब उघडून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना पिना २८८ आहेत, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजची व्यवस्थाही निराळी, कारण डीडीआर५ मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच असते. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. इंटेलच्या १२व्या पिढीपासून एकाच प्रोसेसरसाठी डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे दोन्ही बोर्ड निघाले. त्यामुळे नुसता प्रोसेसर सांगून रॅम मागू नका, बोर्डाचं पूर्ण नाव सांगा.

१५ जानेवारी

ख चं काम. एच४१० वर मेमरी ओव्हरक्लॉक (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने) होत नाही आणि १०४००एफ ची मर्यादा २६६६ आहे. ३६०० ची महाग स्टिक लावली तरी २६६६ च्या वर जाणार नाही.

इथे एक खोच आहे. एक्सएमपीवाल्या गेमिंग स्टिकची जेडेक बाजू २१३३ वर थांबत असेल, तर अशा बोर्डावर ती २१३३ वरच उठते. उलट बिनपत्र्याची, १.२ व्होल्टची साधी ३२००एए स्टिक स्वतःच्या तक्त्यातून २६६६ ची ओळ निवडते आणि बायोसमध्ये काही न करता पूर्ण वेगाने चालते. ख साठी साधीच स्टिक योग्य, आणि ती स्वस्तही.

८ जीबी १आरx८ च्या दोन सारख्या स्टिक घेतल्या. जुनी चार चिपवाली ठेवून एकच नवी घालता आली असती. दोन्ही चॅनल चालले असते, पण टायमिंग दोन्हींना चालेल असं, म्हणजे सैल असलेलं पकडलं गेलं असतं. जुनी स्टिक काउंटरवरच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला दिली. तिथे ४ जीबी होती.

बसवताना पहिल्यांदा स्क्रीन काळी. बोर्डाच्या स्लॉटला एकाच टोकाला खटका आहे, दुसऱ्या टोकाला स्टिक नुसती सरकून बसते. त्या बिनखटक्याच्या टोकाकडे ती केसभर वर राहिली होती. वरून बघितलं तर कळत नाही, डोळा स्लॉटच्या पातळीला आणून सोनेरी पट्ट्यांची रेघ तिरपी दिसते का ते बघायचं. दोन्ही टोकांवर आळीपाळीने अंगठा दाबल्यावर बसली.

सीपीयू-झेडमध्ये ‘ड्युअल’ दिसलं. २६६६ वर एका चॅनलचे २१.३ जीबी, दोनचे ४२.६. काउंटर-स्ट्राइकमध्ये सरासरी फ्रेम वाढल्या, पण त्याहून डोळ्यांत भरलं ते स्मोक फुटल्यावर बसणारे झटके जाण्याचं.

सफाईबद्दल. दुकानातले बरेच कारागीर सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासतात. त्याने चालतं हे खरं, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड घ्यावं. रस्त्यांच्या कामांमुळे धूळ इतकी आहे की स्लॉटमध्येही थर होता. तिथे ब्लोअर लांबून मारला, पंख्याची पाती बोटाने धरून.

१९ जानेवारी

क ला ३२ जीबी करायचे दोन मार्ग: आहेत त्या दोनांत तशाच दोन घालणं, किंवा त्या विकून १६ जीबीच्या दोनांचं किट घेणं. आमचा कल नेहमी दुसऱ्याकडे असतो. पण आजच्या भावात फरक मोठा होता आणि तेच मॉडेल, दोन स्टिक, जुन्यात चांगल्या मिळत होत्या. व्हर्जन मात्र ५.३२, म्हणजे हायनिक्स.

आधी कागद. एएमडीची रायझन ३००० साठी अधिकृत मर्यादा: दोन स्टिक असतील तर ३२००. चारही स्लॉट भरले आणि सगळ्या सिंगल रँक असतील तर २९३३. चारही ड्युअल रँक असतील तर २६६७. जाहिरातीत ३२०० लिहितात ते पहिल्या परिस्थितीचं. मग बोर्डाच्या साइटवरची क्यूव्हीएल, म्हणजे कंपनीने तपासलेल्या मेमरीची, यादी. ती प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे वेगळी असते: ३६०० साठी ‘मॅटिस’ची (हे त्या प्रोसेसरचं सांकेतिक नाव) बघायची. ३४००जी सारखे ‘पिकासो’ २९३३ पर्यंतच जातात, त्यांची यादी बघून रॅम घेऊ नये. यादीत शेवटी १, २, ४ असे स्टिकच्या संख्येचे रकाने असतात. आमचं मॉडेल यादीत होतं, पण खूण दोनपर्यंतच. यादीत नसलेली मेमरी चालत नाही असं नाही, ती कंपनीने तपासलेली नाही एवढाच अर्थ.

तरी विक्रेत्याने परतीची हमी दिली म्हणून घेतल्या. बसवताना जोड्या फोडायच्या नाहीत. प्रोसेसरपासून मोजत स्लॉट ए१, ए२, बी१, बी२. जुनी जोडी ए२ आणि बी२ मध्ये होती तशीच ठेवली, नवी ए१ आणि बी१ मध्ये. अशाने प्रत्येक चॅनलवर एक सॅमसंग, एक हायनिक्स येते आणि दोन्ही चॅनल सारखे राहतात. आणखी एक गोष्ट मोजली होती: ए१ हा प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा स्लॉट, टॉवर कूलरचा पंखा त्याच्यावर येतो. एलपीएक्स बुटकी असल्याने खाली मावली. जी.स्किल रिपजॉज व्ही सारखी ४२ मिलिमीटर उंच स्टिक असती तर पंखा वर सरकवावा लागला असता आणि मग बाजूची काच बंद होते का ते बघावं लागलं असतं.

३२०० एक्सएमपीवर: बोर्डावरचा ‘डीरॅम’चा दिवा पेटून राहिला, काही वेळाने मशीन स्वतःच बंद-चालू होऊन २१३३ वर उठलं. डीरॅम व्होल्टेज १.३८, एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज) १.१ केलं, तेव्हा ३२०० वर उठलं. पण उठणं म्हणजे चालणं नव्हे.

२० जानेवारी

चाचणीचा क्रम महत्त्वाचा. नवी मेमरी लावली की थेट विंडोजमध्ये जायचं नाही. रॅम चुकीचे बिट देत असेल तर विंडोज तेच बिट एसएसडीवर लिहून ठेवतं. मग सिस्टिमच्या फाइल बिघडतात आणि रॅम बदलल्यावरही निळे स्क्रीन येत राहतात. आधी पेनड्राइव्हवरचं मेमटेस्ट८६. फुकट आवृत्तीत चार पास मिळतात. ३२ जीबीला रात्र लागते असं धरून लावून ठेवावं. तेरावी चाचणी, हॅमर टेस्ट, एकाच ओळीवर मुद्दाम मारा करते. फक्त तिच्यात एखादी चूक आली तर ती सूचना समजावी. बाकी कुठल्याही चाचणीत एक जरी चूक आली तरी नापास. ‘एकच तर एरर आहे’ ही सवलत रॅमला द्यायची नसते.

क: ३२०० वर दुसऱ्याच पासमध्ये लाल ओळी. चिप वाईट आहे की जुळणी, हे वेगळं करायला प्रत्येक जोडी एकटी ए२-बी२ मध्ये लावून तपासली. दोन्ही ३२०० वर स्वच्छ. म्हणजे मेमरी चांगली आहे, चौघी मिळून कंट्रोलरला झेपत नाहीत. बी४५० च्या बहुतेक बोर्डांवर तारा डेझी-चेन पद्धतीने टाकलेल्या असतात, दोन स्टिकला त्या सोयीच्या, चार लावल्या की संकेत बिघडतो.

वेग २९३३, टायमिंग १६-१८-१८-३६, डीरॅम व्होल्टेज १.३५ वर आणि एसओसी १.०५ वर परत. चारही पास स्वच्छ. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५, त्यानंतर ओसीसीटीने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम तापवून तासभर. स्वच्छ.

मालकांना ३२०० चं वाईट वाटलं. खरं तर गमावलं फार नाही. विलंब काढायचं सूत्र: सीएल गुणिले २००० भागिले वेग. ३२०० सीएल१६ चे १० नॅनोसेकंद, २९३३ सीएल१६ चे १०.९. साधी ३२०० सीएल२२ घेतली असती तर १३.७५. शिवाय प्रत्येक चॅनलवर आता दोन रँक आहेत. एक रँक रिफ्रेश होत (चिपमधला चार्ज पुन्हा भरत) असताना दुसरीकडून वाचता येतं, त्याचा रायझनला फायदा होतो. हा फायदा २६७ च्या तुटीची बरीच भरपाई करतो.

एक बारकावा: रायझनवर गियर डाउन मोड (मेमरीच्या आज्ञा सावकाश घेणारी सेटिंग) चालू असेल तर विषम सीएल चालत नाही. १७ टाकलं तर १८ होतं. टाकलेला आकडा आणि सीपीयू-झेडमधला आकडा वेगळा दिसला तर हे कारण.

२४ जानेवारी

ग. दोन स्लॉट मोकळे दिसतात म्हणून दोन स्टिक वाढवायच्या, हा मोह डीडीआर५ वर आवरायचा. रायझन ७००० चा अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२००, चारला थेट ३६००. त्याहून वर चालवून दाखवणारे आहेत, पण रोज भाड्याने देण्याच्या मशीनवर ते प्रयोग नकोत. जुन्या दोन काढून १६ जीबीच्या दोनांचं किट घेतलं: ६०००, सीएल३०, १.३५ व्होल्ट, एक्सपो प्रोफाइल असलेलं. विलंब १० नॅनोसेकंद. जुन्या ५२०० सीएल४० चा १५.४ होता.

एक्सपो हे एएमडीचं, एक्सएमपी इंटेलचं. नुसतं एक्सएमपी असलेलं किट एएमडी बोर्डावर बहुधा चालतं, पण दुय्यम टायमिंग बोर्ड अंदाजाने ठरवतो. निवड असेल तर एक्सपोचंच घ्यावं.

रॅम बदलण्याआधी जुन्याच रॅमवर बायोस अपडेट केलं. दोन कारणं. नव्या बायोसमध्ये मेमरी जुळवण्याचा भाग सुधारत गेला आहे. आणि २०२३ मध्ये एक्स३डी प्रोसेसर जळण्याच्या घटनांनंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला १.३ ची कमाल मर्यादा घातली, ती जुन्या बायोसमध्ये नसते. एक्सपो लावल्यावर हे व्होल्टेज बोर्ड आपणहून वाढवतो. आमच्याकडे १.२५ वर गेलं, ठीक.

स्टिक ए२ आणि बी२ मध्ये. पहिल्या वेळी चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. डीडीआर५ चं ट्रेनिंग (बोर्ड आणि मेमरीची जुळणी) चालू असतं. या वेळात घाबरून बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू. पंखे फिरतायत, डीरॅमचा दिवा पेटलाय, तर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. त्यानंतरही उठलं नाही तरच सीमॉस क्लिअर (बायोसच्या सेटिंग पुसणं).

दर वेळी हे ट्रेनिंग होऊ नये म्हणून ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू केलं, सोबत ‘पॉवर डाउन एनेबल’ही. पहिलं चालू आणि दुसरं बंद ठेवलं की काही बोर्डांवर निळे स्क्रीन येतात. फॅब्रिक २०००, मेमरी कंट्रोलर मेमरीच्या बरोबरीने ३००० वर. मेमटेस्ट स्वच्छ.

दुकानात ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच’ असं सांगतात. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या आत होते. चिप ते प्रोसेसर या रस्त्यावर झालेली चूक ती पकडत नाही. चाचणी टाळायला ते कारण होत नाही.

३ फेब्रुवारी

क सकाळी पहिल्यांदा चालू करताना कधी कधी दोनदा बंद-चालू होतं, नंतर दिवसभर नीट, अशी तक्रार. झोन रात्री बंद असतो, पहाटे गारठा असतो. मेमरीची जुळणी थंड चिपवर होते, आणि सेटिंग काठावर असेल तर ती थंडीतच हुकते. दुपारी रीस्टार्ट करून हे सापडत नाही. विंडोजचं ‘शट डाउन’सुद्धा फास्ट स्टार्टअपमुळे पुरेसं नाही. एसएमपीएसचा स्विच रात्रभर बंद ठेवून सकाळी बघावं लागलं.

उपाय: प्रोसीओडीटी (प्रोसेसरच्या बाजूचा मेमरीच्या संकेतांचा रोध) ऑटोवरून काढून ५३.३ ओहम, एसओसी १.०५ वरून १.०८. वेगाला हात लावला नाही. त्यानंतर गार सकाळीही एका दमात उठतं.

२६ एप्रिल

ही तपासणी जानेवारीतच ठरवून ठेवली होती. थंडीत पास झालेली मेमरी उन्हाळ्यात पास होईलच असं नाही. चिपमधला चार्ज उष्णतेत लवकर गळतो, म्हणून तापलेल्या मेमरीला रिफ्रेश वेळेवर मिळाला नाही तर बिट बदलतात. जेडेकप्रमाणे ८५ अंशांपर्यंत नेहमीचा रिफ्रेश, त्यापुढे दुप्पट. पण एक्सएमपी किंवा एक्सपोवर ताणलेली मेमरी त्याच्या बरीच आधी चुकू शकते.

चाचणी दुपारी घेतली, बाजूची काच लावून, एसी बंद करून, ग्राफिक्स कार्ड पूर्ण लोडवर. ग्राफिक्स कार्डची गरम हवा वर मेमरीवरूनच जाते, म्हणून उघड्या कॅबिनेटमधलं नुसतं मेमटेस्ट उन्हाळ्यासाठी पुरेसं नाही. डीडीआर५ मध्ये तापमानाचा सेन्सर स्टिकवर असतो, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतो. क च्या डीडीआर४ स्टिकला सेन्सर नाही.

ख आणि क स्वच्छ. ग वर टेस्टमेम५ मध्ये चाळीस मिनिटांनी एक चूक, स्टिक तेव्हा ५८ अंशांवर. कॅबिनेटचा वरचा पंखा धुळीने जवळपास थांबला होता. तो साफ केला, पुढचा पंखा एक खण वर घेतला म्हणजे हवा थेट मेमरीवर येईल. पुन्हा तीच चाचणी: तापमान ५० च्या खाली, चूक नाही. तरी टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधला वेळ) ऑटोवरच ठेवला. तो वाढवून थोडा वेग मिळतो, पण त्याचा अर्थ रिफ्रेश उशिरा, आणि मे अजून यायचा आहे.

क आणि ग च्या बायोस सेटिंग प्रोफाइल म्हणून बोर्डात सेव्ह केल्या आणि पेनड्राइव्हवरही घेतल्या. स्लॉटनिहाय सिरियल नंबरचा कागद प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला. ग च्या जुन्या ८ जीबीच्या दोन स्टिक विक्रीला ठेवल्या आहेत, जाहिरातीत ‘१आरx१६’ स्पष्ट लिहून.